लाझान्याच्या पट्ट्या
१. पट्ट्या कोणत्या घ्यायच्या, हे मूळ पाककृतीच्या लेखिकेने सांगितलेले नाही. बोलोन्यात त्या घरीच लाटतात, हे ती गृहीत धरते. प्रमाण असे : १०० ग्रॅम मैद्याला एक अंडे, शिवाय उकडून बारीक वाटलेला थोडा पालक. पालकात पाणी राहिले की पीठ सैल होते आणि पट्टी फाटते, म्हणून तो घट्ट पिळण्यात अजिबात कुचराई नको. भिजवलेले पीठ अर्धा तास झाकून ठेवावे आणि खालचा हात दिसेल इतके पातळ लाटावे. पट्ट्या मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात जेमतेम मिनिटभर ठेवून लगेच गार पाण्यात टाकाव्यात व स्वच्छ पंचावर सुट्या पसराव्यात. एकीवर एक ठेवल्यास चिकटतात. नेपल्सकडे ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी एवढ्यावरच केलेल्या, झालरीच्या कडांच्या वाळलेल्या पट्ट्या वापरतात. अंडे न खाणाऱ्यांना त्या उत्तम. मात्र पाकिटावरचे घटक वाचून घ्यावेत. न उकडता वापरायच्या पट्ट्या भट्टीत सॉसमधलेच पाणी शोषतात. तेव्हा सॉस पातळ ठेवावा आणि सर्वांत वरची पट्टी कडांपर्यंत झाकावी.