रेडिएटर, छागल आणि चांद्याचा मे महिना

जुन्या अमेरिकन मसल कार बाळगणाऱ्या हौशी लोकांचा एक ठरलेला प्रश्न असतो. उन्हाळ्यात गाडी गरम होते, मोठा रेडिएटर बसवू का? प्रश्न रास्तच आहे. १९६४ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ घ्या. इंजिन ३८९ घन इंचाचं, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटरचं. मधल्या आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन कोंबायचं हीच मुळात मसल कारची कल्पना. इंजिन वाढलं की उष्णता वाढणार, पण गाडीचं तोंड तेवढंच. म्हणून कारखानेही जास्तीचे पैसे घेऊन 'हेवी ड्यूटी' रेडिएटर देत असत.

आपल्याकडे मसल कार नव्हत्या. रविवारी चकाकवून मिरवायच्या गाड्यांची चैन इथे कोणाला? पण हाच प्रश्न आपल्याकडेही होता, आणि जास्त अवघड रूपात होता. तो होता चांदा जिल्ह्यात. (१९६४च्या सुमारास चांद्याचं चंद्रपूर झालं आणि २६ ऑगस्ट १९८२ला त्यातून गडचिरोली वेगळा झाला. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून 'चांदा'च आहे.) गाडी होती जीप. इथे अडचण इंजिनापेक्षा हवेची होती. मे महिन्यात पारा ४६-४७ला टेकणं हे चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे बातमी होण्याइतकंही विशेष नाही.

आता थोडं गणित. घाबरू नका, वजाबाकीच आहे :-)

पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनापैकी जेमतेम पाव भाग चाकांच्या कामी येतो. बाकीची उष्णता साधारण अर्धी सायलेन्सरमधून आणि अर्धी पाण्यातून बाहेर काढावी लागते. पाण्यातली उष्णता रेडिएटर हवेला देतो. किती देतो, ते पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. जीपचं माहेर म्हणजे अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं टोलेडो गाव. तिथला जुलै २९ अंशांच्या आसपास. पाणी १०० अंशांना उकळतं असं धरलं तर फरक मिळतो ७१ अंशांचा. तीच जीप चांद्याला ४६ अंशांत उभी करा. फरक उरतो ५४. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, तेच इंजिन, आणि गार करण्याची ताकद मात्र चोवीस टक्क्यांनी कमी. टोलेडोइतकंच काम हवं असेल तर रेडिएटर तीस टक्के मोठा पाहिजे. शिवाय ४६ हे सावलीतलं तापमान. जीप जी हवा ओढते ती डांबराला घासून आलेली असते.

हा प्रश्न युद्धातच लोकांच्या लक्षात आला होता. १९४२ साली उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिशांच्या एसएएस तुकड्यांनी जीपच्या तोंडावरच्या पट्ट्या सरळ कापून टाकल्या, हवा जास्त यावी म्हणून. आणि समोर एक डबा बसवला. रेडिएटरमधून उकळून बाहेर येणारी वाफ त्या डब्यात जाऊन परत पाणी व्हायची. वाळवंटात पाण्याचा थेंबही सोडायचा नाही, हा त्यामागचा हिशेब. हा डबा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता जरा मागे जाऊ. सुरुवातीच्या मोटारीला आजच्यासारखा रेडिएटर नव्हताच. कार्ल बेंझच्या १८८६च्या तीनचाकी गाडीत इंजिनाभोवतीचं पाणी तापायचं, उकळायचं आणि वाफ होऊन उडून जायचं. चालकाने परत पाणी भरायचं. ऑगस्ट १८८८मध्ये कार्लची बायको बर्था दोन मुलांना घेऊन मानहाईमहून फोर्झहाईमला माहेरी निघाली, नवऱ्याला न सांगता. शंभरेक किलोमीटरचा प्रवास. वाटेत ओढा दिसला की पाणी, विहीर दिसली की पाणी, खानावळ दिसली की पाणी. बाईंच्या धाडसाचं कौतुक सगळे करतात आणि ते रास्तच आहे. मला मात्र या गोष्टीत ती पाण्याची बादली दिसते. गाडी पेट्रोलसारख्या द्रवावर जितकी चालली तितकीच ती गावोगावच्या पाण्यावर चालली.

पाऊण हॉर्सपॉवरला हे परवडतं. जीपचं इंजिन वीस हॉर्सपॉवर देत चढण चढत असेल तर पाण्यात किमान १५ किलोवॅट उष्णता जाते. ती नुसती उकळून घालवायची तर तासाला २४ लिटर पाणी लागेल. जीपमध्ये मावतं दहा-अकरा लिटर. म्हणजे अर्ध्या तासाच्या आत खडखडाट.

यावर खरा उपाय काढला विल्हेल्म मायबाखने. १९००च्या अखेरीस तयार झालेल्या मर्सिडीज ३५ एचपी गाडीसाठी त्याने मधाच्या पोळ्यासारखी जाळी केली. ६ बाय ६ मिलिमीटरच्या चौकोनी नळ्या, एकूण ८०७०. मागे पंखा. आधी अशा गाडीला १८ लिटर पाणी लागे, ते ९ लिटरवर आलं. मायबाखने पाणी वाढवलं नाही, हवेला शिवणारं क्षेत्रफळ वाढवलं. 'मोठा रेडिएटर' म्हणजे नक्की काय मोठं, याचं उत्तर तेव्हाच मिळालं होतं.

परत चांद्याला. महिंद्रांनी १९४९मध्ये मुंबईत माझगावला विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी आली. विलीजने 'हरिकेन' नावाचं नवं इंजिन काढलं होतं. ते जुन्यापेक्षा उंच, म्हणून १९५३मध्ये बॉनेट आणि तोंडही उंच केलं. आपल्याकडच्या सरकारी जीपचा तो ओळखीचा चेहरा असा इंजिन मावत नाही म्हणून जन्मला. बीडीओ साहेबांची जीप, बांधकाम खात्याची जीप, वनखात्याची जीप, मलेरियावाल्यांची जीप. आलापल्ली, भामरागड, एटापल्ली, सिरोंचा या बाजूला खाजगी गाडी दिसणं म्हणजे नवल, तेव्हा जीप म्हणजेच सरकार आणि जीप म्हणजेच दवाखाना. हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प १९७३ला सुरू झाला तेव्हा पावसाळ्यात तो भाग जगापासून तुटत असे. म्हणजे मोठी वाहतूक करायची ती कोरड्या दिवसांत, म्हणजेच नेमकी उन्हात.

आणि जंगलातलं चालवणं कसलं? नाल्याची रेती आली की फोर-व्हील, लो गिअर, इंजिन ओरडतंय आणि गाडी माणसाच्या चालीने. समोरून वारा शून्य. मसल कार ट्रॅफिकमध्ये तापते, जीप रेतीत तापते, दुखणं एकच. फरक हा की ट्रॅफिकमध्ये गाडी बंद पडली तर मागचा हॉर्न वाजवतो. इथे मागे कोणी नाही, आणि गाडीत कधी अडलेली बाळंतीण, कधी साप चावलेलं पोर.

मग लोकांनी काय केलं? एक म्हणजे वेळ बदलली. पहाटे निघायचं, अकराला सावलीला थांबायचं, चारनंतर पुन्हा. दुसरं, छागल. जाड कापडाची पाण्याची पिशवी जीपच्या तोंडाशी टांगायची. कापडातून पाणी झिरपतं, वाऱ्याने उडतं, आतलं गार राहतं. थांबलं की रेडिएटरच्या जाळीवर ओलं गोणपाट. यात फार शहाणपण आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात, पण तेच पाणी वाफ होऊन उडताना २२६० किलोज्यूलच्या आसपास घेऊन जातं. आणि विदर्भाचा मे कोरडा. ४५ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ओलं कापड २६ अंशांपर्यंत उतरू शकतं. वैदर्भीयांचा कूलर याच तत्त्वावर चालतो. हीच युक्ती दमट कोकणात केली तर फारसं काही होणार नाही.

तिसरं, गॅरेजचे उपाय. यातला सगळ्यात आवडता म्हणजे थर्मोस्टॅट काढून फेकणे :-) चौथा, मोठा रेडिएटर. १९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागलं, जीपमध्ये डिझेल इंजिनं आली. काही कारखान्यातूनच, काही गावच्या मिस्त्रीच्या हातून. इंजिन बदललं की जुना रेडिएटर पुरेना, मग तीन ओळींच्या जाळीच्या जागी चार ओळींची. पितळी नळ्या, तांब्याच्या पापड्या, वर-खाली टाकी, सगळं कथलाच्या डाकाने जोडलेलं.

पण आमच्या धंद्यात जसं सर्व्हर मंदावला की आधी रॅम वाढवतात आणि गळती कुठे आहे ते नंतर बघतात, तसंच इथेही होतं. चौथी ओळ म्हणजे तेहतीस टक्के जास्त गारवा, असं नसतं. मागच्या ओळीला मिळणारी हवा पुढच्या तीन ओळींनी आधीच तापवलेली असते. जाळी जाड झाल्याने हवा जातेही कमी. पंख्याभोवती पत्र्याचं कडं नसेल तर पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी बाजूची गरम हवाच घुसळत बसतो. सगळ्यात मोठा चोर म्हणजे क्षार. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं भरलं की नळीत पांढरा थर बसतो, आणि तो थर तांब्याच्या मानाने शंभरेक पटींहून जास्त मठ्ठ असतो, उष्णता पुढे जाऊच देत नाही. रेडिएटरवाला टाकी उघडून एकेका नळीत पट्टी घालून ती साफ करायचा. पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागायचं.

आणि झाकण! रेडिएटरच्या झाकणात स्प्रिंग असते, ती आतला दाब धरून ठेवते. दाब वाढला की पाणी उशिरा उकळतं. ७ पौंडांचं झाकण असेल तर उकळबिंदू ११२ अंशांच्या आसपास जातो. मग वजाबाकी परत करा. ११२ वजा ४६ म्हणजे ६६. मघाशी टोलेडोला उघड्या पाण्यावर ७१ मिळत होते. म्हणजे नीट बसणाऱ्या झाकणाने बरंचसं अंतर भरून काढलं! रबर झिजलेलं, दाब न धरणारं झाकण लावून वर मोठा रेडिएटर बसवणं म्हणजे भोक पडलेल्या टाकीला मोठा नळ जोडणं. (गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही, हेही यातूनच येतं. दाब सुटला की आतलं पाणी एका क्षणात उसळतं आणि तोंड भाजतं. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा.)

एवढं सगळं सांगितलं, कारण माझ्या मते मोठ्या रेडिएटरचा इतिहास हा गाडीपेक्षा पाण्याचा इतिहास आहे. जीप उकळली की ड्रायव्हर डबा घेऊन जवळच्या टोल्यावर जायचा. 'मावशी, गाडीले पाणी पाजतो जी.' मावशी नाही म्हणत नसे. पण मे महिन्यात ते पाणी कुठून आलेलं असायचं? नाल्यात खड्डा खणून वाटीवाटीने भरलेला हंडा, डोक्यावरून आणलेला. दहा लिटर म्हणजे जवळजवळ एक हंडा. वाफ करून उडवला की संपलं. गाडी सरकारी, वाफ सरकारी, हंडा मावशीचा. याचा हिशेब कुठल्याच लॉगबुकात नाही. तिथे फक्त पेट्रोल लिहायचा कॉलम असे.

म्हणून इंजिन गार करायचे मार्ग दोनच. एक तर हवेवर भागवायचं, त्यासाठी आधी खर्च करून जाळी मोठी घ्यायची, झाकण नीट ठेवायचं, नळ्या साफ ठेवायच्या. नाहीतर पाणी उडवायचं, ते स्वस्त पडतं, कारण पाणी दुसऱ्याचं असतं. मायबाख पहिल्या मार्गाने गेला. वाळवंटातल्या सैनिकांनी वाफेचा डबा बसवला, कारण तिथे मागायला मावशी नव्हती.

हा हिशेब जीपबरोबर संपला असता तर मी एवढं लिहिलं नसतं. चंद्रपूरला १९८३पासून वीज करणारं महाऔष्णिक केंद्र आहे, आजची क्षमता २९२० मेगावॅट. तेही शेवटी एक इंजिनच, आणि त्याचं पाणी इरई धरणाचं. अशा केंद्रांत एका युनिटमागे साधारण ३ लिटर पाणी खर्च होतं, त्यातलं बरंचसं कूलिंग टॉवरमधून वाफ होऊन जातं. पूर्ण क्षमतेने चाललं तर तासाला पावणेनऊ हजार घनमीटर, म्हणजे दहा हजार लिटरचे ८७६ टँकर. २०१०च्या उन्हाळ्यात इरईत पाणी उरलं नाही तेव्हा संच बंद ठेवावे लागले. पाण्याऐवजी हवेवर गार होणारी केंद्रं जगात आहेत. त्यांना लागतो प्रचंड रेडिएटर, खर्च जास्त, आणि ऐन उन्हाळ्यात वीजही थोडी कमी मिळते. ४६ अंशांची तीच वजाबाकी तिथेही आडवी येते. पण पाणी कितीतरी वाचतं.

तेव्हा 'मोठा रेडिएटर बसवू का' असं कोणी विचारलं तर आधी झाकण बघा, नळ्या बघा, पंख्याचं कडं बघा असंच मी सांगेन. एवढं करूनही गाडी पाणी मागत असेल तर खुशाल बसवा, पैशाकडे बघू नका. न बसवण्याचे पैसेही कोणीतरी भरतच असतं, फक्त ते आपल्या बिलात दिसत नाहीत.

असो. तूर्तास इतकंच.