पगारावरचा विमा, वयावरचा विमा

ईएसआय लागू असलेल्या नोकरीत पगार २१ हजारांच्या आत असेल, तर दरमहा एक छोटी कपात होते. पगार त्यापुढे गेला की चालू सहामाही संपल्यावर ती थांबते. पगारवाढीचे पेढे संपायच्या आत प्रश्न उभा राहतो : आता आई-बाबांना काही झालं तर? मग रात्री मोबाइलवर पॉलिसींची तुलना सुरू होते. ही धाकधूक आपली एकट्याची वाटते. पण तिला इतिहास आहे, आणि त्यातला एक मोठा धडा नागपुरात घडला.

जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली. तिथे १८८६मध्ये पेन्शन फंड आला, १८९५मध्ये अपघाताची भरपाई. त्या काळात हे मोठंच पाऊल होतं, पण ती मालकाची भलाई होती. दुसऱ्या गिरणीत कुणाची बोटं यंत्रात गेली, तर त्याला हक्कानं मागता येईल असं काही नव्हतं. भरपाईचा कायदा यायला १९२३ साल उजाडलं.

आजारपणाचा हक्क त्याहून उशिरा आला. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. त्याच काळात, १९४४मध्ये, प्रा. बी. पी. आडारकरांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला. त्यातून १९४८चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. १९५२मध्ये कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. नागपूरला ती जुलै १९५४मध्ये आली, मुंबईच्या तीन महिने आधी.

तिचं गणित साधं आहे. आज २० हजार पगारावर कामगाराचे १५० रुपये जातात, मालकाचे ६५०. वय विचारून हप्ता ठरत नाही. मधुमेह आहे म्हणून तो वाढत नाही. दवाखान्यातल्या रांगा आणि औषधांचा तुटवडा यावर कामगार कायम वैतागत आले. तरी धडधाकट माणसाच्या पैशांतून आजारी माणसाचा इलाज होत राहिला.

१९८६मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी 'मेडिक्लेम' आणली. त्याच वर्षी एम्प्रेस मिल टाटांच्या हातून राज्य सरकारकडे गेली. २००२मध्ये ती कायमची बंद पडली. दरम्यान २०००पासून खासगी कंपन्यांना विम्याचं दार उघडलं होतं. व्यक्तिगत पॉलिसीत हप्ता पगार बघत नाही; वय आणि आजार बघतो. म्हणजे कमाई थांबते त्या वयात हप्ता सर्वांत जड होतो.

या अर्जावर एक प्रश्न असतो : मानसिक आजारावर उपचार घेतले आहेत का? इथे अनेकांचं बोट थबकतं. नागपुरातलं मनोरुग्णालय १८६४चं; लोक त्या चौकाला अजून 'पागलखाना चौक' म्हणतात. तेव्हा ही भीती कुठून येते ते कळतं. पण लपवलेली गोष्ट पुढे दावा नाकारायला कारण होऊ शकते. उलट २०१७चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की, विमा कंपनीनं मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं. २०२४पासून आधीच्या आजारांसाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांची झाली आहे. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली, तर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय माहिती लपवल्याचं कारण देता येत नाही.

चिंतेसाठी आपल्याला दीर्घ श्वास घ्यायला सांगतात. त्याचा उपयोग होतो. मन फारच अस्वस्थ असेल, तर १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. पण अर्जासमोर होणारी धडधड हा सगळा मनाचा कमकुवतपणा नव्हे. गिरणीतल्या हजारो माणसांनी मिळून उचललेला भार आता एकेका घरावर आला आहे, आणि तो वाटून घेता येतो हे याच शहरानं १९५४मध्ये पाहिलं आहे. तेव्हा २१ हजारांची ती रेषा कुणी आणि का आखली, हा प्रश्नही पॉलिसीच्या तुलनेइतकाच विचारण्याजोगा आहे.