मॅट्रिकनंतर काय?

यंदाच्या स्मरणिकेत शनिवारच्या बैठकीविषयी चार शब्द लिहावेत, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. बैठक म्हणजे काय, तर दहावी-बारावीच्या मुली मंडळाच्या खोलीत येतात, आम्ही चार-पाच निवृत्त बाया सतरंजीवर बसतो, आणि पुढे काय शिकावे, अर्ज कोठे करावा, याचा खल होतो. काम एवढेच. पण त्याला पूर्वेतिहास आहे, आणि तो आपल्या मुंबईचा आहे.

आपल्या देशात या विषयाचा पद्धतशीर विचार १९३८ साली कलकत्ता विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात सुरू झाला. तो विद्वानांचा मामला. मुंबईत मात्र १९४१ साली बाटलीबॉय नावाच्या एका निवृत्त हिशेबनीस गृहस्थांनी व्यवसाय-मार्गदर्शनाचे केंद्र काढले. १९४७ साली पारशी पंचायतीचे केंद्र निघाले आणि १९५० साली मुंबई सरकारचे. सरकारच्या आधी नऊ वर्षे एका निवृत्त माणसाला हे सुचले, याचे मला भारी कौतुक वाटते. जन्मभर दुसऱ्यांचे जमाखर्च पाहिल्यावर पोरांच्या आयुष्याचा ताळेबंद पाहावासा वाटला असेल!

आमच्या घाटकोपरात त्या काळी प्रश्न निराळाच होता. मुलगी मॅट्रिक झाली तरी जवळ कॉलेज कोठे होते? माटुंग्याला रुईया १९३७ साली निघाले, पोदार १९४१ साली. विद्याविहारला सोमैया कॉलेज निघायला पुढे बरीच वर्षे गेली आणि घाटकोपरचे झुनझुनवाला कॉलेज तर १९६३ चे. तोवर घरोघरी चर्चा व्हायची ती मुलीने कोणता विषय घ्यावा याची नव्हे, तर तिने एकटीने लोकलने जावे की नाही याची. त्या चर्चेत कित्येकींचे शिक्षण संपले. आमच्या थोरल्या बहिणीचेही संपले. ती गणितात माझ्याहून हुशार होती.

मी १९६८ साली एस.एस.सी. झाले. तेव्हा ती अकरावीला असे. दहावीची परीक्षा १९७५ पासूनची. शेजारी रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले अण्णा राहत. त्यांनी वर्तमानपत्रातली जाहिरात कापून ठेवली, मास्तरणीच्या ट्रेनिंगचा फॉर्म आणला आणि माझ्या वडिलांशी तीन संध्याकाळी बोलत बसले. तिसऱ्या संध्याकाळी वडिलांनी सही केली. माझी चौतीस वर्षांची नोकरी त्या सहीवर उभी राहिली.

म्हणूनच माझ्या हातून चूक झाली. बैठकीला येणारी एक हुशार मुलगी, आई चार घरची भांडी घासणारी. २०१० साली ती बारावी झाली. तिला यंत्रांची आवड होती. मी म्हटले, डी.एड. कर, दोन वर्षांत पायावर उभी राहशील. माझे झाले तसे तिचे होईल, हे मी धरूनच चालले. ती २०१२ साली पदविका घेऊन बाहेर पडली आणि त्याच वर्षी राज्यातली शिक्षकभरती थांबली. पुढच्या वर्षी पात्रता परीक्षाही आली. पोरगी एका दुकानात गल्ल्यावर बसली. रस्त्यात दिसली की मी दुसऱ्या बाजूने जाई, हे आज लिहून टाकते.

एका शनिवारी ती आपण होऊन आली, धाकट्या बहिणीला घेऊन. रागाचा शब्द नाही. एवढेच म्हणाली, "बाई, हिला सांगाल ते सांगा, पण आधी विचारून सांगा."

त्या दिवसापासून आम्ही एक वही घातली. आधी मुलीचे म्हणणे लिहायचे, मग ते काम आज जी करते आहे तिला गाठायचे, सल्ला त्यानंतर. माझ्या भाचीने तीन रविवार त्यापायी घालवले. सल्ला चुकतो तो अजूनही, पण वहीत दिसतो. आईबापांशी बोलायला मात्र आम्हीच जातो, तिथे पांढऱ्या केसांचा उपयोग होतो. धाकटीसाठी मी चार वेळा जिना चढले.

तिने इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा घेतला. आता जून महिन्यात तीच येऊन बसते. अकरावीचे प्रवेश मुंबईत २००९ पासून ऑनलाईन झाले, आणि तो पसंतीक्रम भरताना आम्हा म्हाताऱ्यांची बोटे नको तिथे पडतात.