खापऱ्यांचे शिवलिंग

नवरात्रात घट बसवावयाचा असो की वास्तुशांतीला कलश मांडावयाचा असो, महाराष्ट्रातील गृहिणी तो आधी वाजवून पाहते. चिरलेला घट पूजेला चालत नाही. भंगलेली मूर्ती नदीत सोडून द्यावयाची, आणि मडके फोडावयाचे ते स्मशानात, असा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा संस्कार. तो घेऊन तमिळनाडूतील कुंभकोणमला जाणारा मराठी यात्रेकरू क्षणभर थबकतो. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांमध्ये वसलेल्या या नगरीचे मुख्य दैवत आदिकुंभेश्वर. आणि हे लिंग फुटक्या घटाच्या खापऱ्यांचे आहे, अशी तेथील श्रद्धा आहे.

स्थलपुराण सांगते ते असे. प्रलय जवळ आला तेव्हा सृष्टीची बीजे कोठे जपावी, या चिंतेने ब्रह्मदेव शंकरास शरण गेला. शंकराच्या आज्ञेवरून त्याने मातीच्या कुंभात बीजे आणि अमृत घातले, वर नारळ ठेवला, बिल्वपत्रे वाहिली, सूत्र गुंडाळले आणि तो कुंभ शिंक्यात घालून मेरूवर ठेवला. प्रलयाच्या पाण्याबरोबर तो दक्षिणेस वाहत आला व पाणी ओसरताच येथे टेकला. किराताचा वेष घेतलेल्या शंकराने बाण मारून तो फोडला. अमृत वाहिले. मग त्याच किराताने विखुरलेल्या खापऱ्या वेचल्या, अमृताने भिजलेल्या वाळूत कालवल्या आणि आपल्या हातांनी लिंग घडविले. ज्याने फोडले त्यानेच जोडले! बाकीच्या वस्तूही वाया गेल्या नाहीत. नारळ पडला तेथे अभिमुखेश्वर, शिंके पडले तेथे सोमेश्वर, बिल्वपत्रे पडली तेथे नागेश्वर. गावातील देवळांचा नकाशाच जणू त्या एका कलशाच्या तुकड्यांनी आखला आहे.

इतिहासाचा अभ्यासक अर्थातच कथेपाशी थांबत नाही. सातव्या शतकातील शैव संत संबंधर आणि अप्पर यांच्या स्तोत्रांत या स्थळाचे नाव ‘कुडमूक्कु’ असे येते. ‘कुडम्’ म्हणजे घागर, ‘मूक्कु’ म्हणजे नाक. तेव्हा घटाचा या गावाशी असलेला संबंध निदान तेराशे वर्षांचा आहे, आणि ‘कुंभकोणम’ हे संस्कृत रूप त्या तमिळ नावाच्या मागून आले असावे, असे मानण्यास जागा आहे. कथेमुळे नाव पडले की नावाने कथा सुचविली, हा वाद विद्वानांनी खुशाल घालावा. पूजेची रीत मात्र कथेशी प्रामाणिक राहिली आहे. मातीच्या या लिंगावर जलाभिषेक होत नाही. त्यास पुनुगु, म्हणजे जवादी मांजरापासून मिळणारे सुगंधी द्रव्य, तेवढे लावतात. ठिसूळ वस्तू जपावयाची कशी, हे त्या पुजाऱ्यांना कोणी शिकवावयास नको.

हा मुलूख मराठ्यांना परका नाही. व्यंकोजीराजे १६७५-७६ च्या सुमारास तंजावरास स्थिर झाले व १८५५ पर्यंत त्या गादीवर भोसले होते. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तिन्ही संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमलाच एका देशस्थ घराण्यात जन्मले.

टाकाऊ तुकड्यांतून रूप उभे करण्याची ही ओढ केवळ पुराणातली नव्हे. स्वातंत्र्योत्तर काळात चंडीगढ येथे नेक चंद या रस्ते-निरीक्षकाने फुटक्या बांगड्या, कपबशा आणि फरशांचे तुकडे गोळा करून रानात गुपचूप पुतळ्यांची एक दुनियाच उभी केली. सरकारी जमिनीवरील ते काम उघडकीस आल्यावर अधिकाऱ्यांनी पाडून टाकले नाही, ही सरकारी दप्तरात क्वचित आढळणारी गोष्ट. उलट १९७६ साली ती बाग लोकांना खुली झाली.

कुंभकोणमला मात्र ओढ लागते ती बारा वर्षांनी येणाऱ्या महामहम् पर्वाची. गुरू सिंह राशीत आला की नाशिकला सिंहस्थ भरतो, आणि इकडे माघात सांडलेल्या अमृताचा म्हणून मानलेल्या त्या तलावात लक्षावधी लोक उतरतात. २०१६ च्या फेब्रुवारीत असे पर्व झाले. स्नान करून ओलेत्याने माणसे कुंभेश्वराच्या दर्शनास जातात, ज्या लिंगावर स्वतः कधी पाणी घालावयाचे नसते.