येसकराची रात्र, ट्रकवाल्याची रात्र: तास कोण मोजणार?

आपल्या वस्त्यांमधल्या तरुणांपुढे आज एक प्रश्न आहे. दिवसभर दुचाकीवरून पार्सलं वाटायचं काम सोडावं आणि हेवी लायसन्स काढून रात्रीच्या लांब पल्ल्याच्या ट्रकवर जावं का? कुणी म्हणतं, पैसा बरा मिळतो. कुणी म्हणतं, ऊन नाही, ग्राहकाची बोलणी नाहीत. घरची माणसं म्हणतात, रात्रीचं काम नको. या चर्चेत एक गोष्ट राहून जाते. ओझं वाहणं, निरोप पोचवणं आणि दुसऱ्यांसाठी रात्र जागणं ही कामं आपल्या समाजाने पिढ्यानपिढ्या केली आहेत आणि त्यांच्या जाचातून सुटण्यासाठी लढेही दिले आहेत. दिवसाचं काम की रात्रीचं, हे ठरवण्याआधी तो इतिहास समोर ठेवायला हवा.

माझं म्हणणं आधीच सांगतो. पार्सलच्या कामात वर चढायला शिडी नाही आणि ट्रकच्या कामात तास मोजणारं घड्याळ नाही. बाबासाहेबांचं कामगार राजकारण या दोन्ही गोष्टींसाठी होतं. एक मिळवण्यासाठी दुसरी सोडून द्यावी लागत असेल, तर तो सौदा आपल्या तोट्याचा आहे.

वतन: बिनतासांची चाकरी

गावगाड्यात महारांकडे कोणती कामं होती? सरकारी टपाल एका गावाहून दुसऱ्या गावी नेणं, वसुलीचा पैसा खजिन्यापर्यंत राखत नेणं, गावात आलेल्या अंमलदाराचं सामान वाहणं, मयताची वार्ता परगावी सांगणं, रात्री वेशीवर येसकर म्हणून जागणं. आजच्या भाषेत डिलिव्हरी, वाहतूक आणि सुरक्षा ही तिन्ही खाती एकाच माणसाच्या डोक्यावर होती. मोबदला म्हणून वतनाच्या जमिनीचा तुकडा, बलुतं आणि दारोदार मागितलेली भाकरी.

इंग्रज सरकारने ही व्यवस्था मोडली नाही. १८७४ च्या वतन कायद्याने ती कागदावर पक्की केली. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं. तेव्हाचा त्यांचा एक मुद्दा आजच्या प्रत्येक डिलिव्हरी बॉयने आणि ड्रायव्हरने ऐकावा असा आहे. वतनदार महाराला दिवसा-रात्री केव्हाही बोलावणं येतं, आणि तो घरी नसेल तर त्याच्या बापाला किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी कामाला जुंपलं जातं, हे त्यांनी सभागृहाला सांगितलं. नेमणूक एकाची, राबायचं अख्ख्या घराने. कामाला वेळेची मर्यादा नाही. मोबदल्याचा विषय निघाला की काम घेणारं सरकार गावाकडे बोट दाखवणार आणि गाव महाराला दारात उभं ठेवणार.

टपाल पोचवणं किंवा खजिना राखणं हे काम मुळात हलकं आहे का? पोस्टमन टपालच पोचवतो. पण त्याला पगार आहे, रजा आहे, कामाची वेळ आहे. तेच काम जातीने माथी मारलं आणि तास मोजायचे बंद केले की त्याची वेठबिगारी होते. बाबासाहेबांनी वतनाविरुद्ध मांडलेली लढाई त्यांच्या हयातीत पूर्ण झाली नाही. कनिष्ठ गाव वतनं नाहीशी करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ चा.

मनमाड, १९३८: शिडी कुणी काढून घेतली?

वतनाला कंटाळून माणसं शहराकडे निघाली. गिरणी, गोदी, रेल्वे. तिथे घड्याळ होतं, महिन्याचा पगार होता. पण जात गाडीत बसून बरोबरच आली. मुंबईच्या गिरण्यांत ज्या विणकाम खात्यात मजुरी जास्त, तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि विटाळ होतो! १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी ही गोष्ट कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडली.

दहा वर्षांनी, १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला, मनमाडला जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, ही बाबासाहेबांची मांडणी याच परिषदेतली. आपण ती दोन शत्रूंची ओळ पाठ केली, पण त्याच भाषणातला नोकरीचा तपशील विसरलो. अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, असं बाबासाहेबांनी तिथे दाखवून दिलं. त्याला साधा पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचं काम करावं लागतं आणि तिथे अस्पृश्य चालत नाही. वर्कशॉपमध्येही वरच्या जागा त्याच्यासाठी बंद.

आता पार्सलच्या कामाकडे बघा. पहिल्या दिवशी दर पार्सलमागे पैसे, पाच वर्षांनीही दर पार्सलमागे पैसे. गाडी आपली, पेट्रोल आपलं, पंक्चर आपलं. अनुभवाचा दाखला नाही, बढती नाही. आयडी बंद झाला की दाद कुणाकडे मागायची हेही कळत नाही. कंपनी त्याला ‘पार्टनर’ म्हणते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगाराची व्याख्याच मुळी पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेर काम करणारा अशी केली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम निधीत भरावी असं ती सांगते, पण मालक कोण याचं उत्तर देत नाही. वतनात सरकार गावाकडे बोट दाखवत होतं, इथे कंपनी ॲपकडे दाखवते.

म्हणून शिडीच्या शोधात असलेल्या तरुणाला ट्रक खुणावतो, आणि त्यात त्याचं काही चूक नाही. हलक्या वाहनाचं लायसन्स हाती येऊन एक वर्ष झालं आणि वयाची २० वर्षं पूर्ण असली की परिवहन वाहनासाठी पुढे जाता येतं. आठवी पासची अट २०१९ मध्ये काढली गेली. हेवी लायसन्स हे सरकारने दिलेलं कौशल्याचं प्रमाणपत्र आहे. त्यावर जात लिहिलेली नसते आणि ते कुठलाही मालक ‘ब्लॉक’ करू शकत नाही. आपल्या समाजाच्या दृष्टीने ही छोटी गोष्ट नाही.

घड्याळाचा कायदा आणि त्याची पळवाट

आता घड्याळाकडे येऊ. वाहनचालकाचे तास कायद्याने बांधलेले आहेत, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातच मर्यादा होती: सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती, दिवसाला ९ तास, आठवड्याला ५४ तास. पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आला. ४८ तासांचा आठवडा हा कामगाराचा हक्क म्हणून देशाच्या कायद्यात रुजला तो या काळात.

रस्त्यावरच्या कामगारापर्यंत तो पोचायला १९६१ साल उजाडलं. त्या वर्षीच्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ठरवले. लांब पल्ल्यासाठी परवानगीने जास्तीत जास्त १० आणि ५४. एका दिवसाचं काम संपल्यावर दुसऱ्या दिवशीच्या कामाआधी सलग ९ तास विश्रांती. जादा कामाला दुप्पट दर. जिथे रात्री मुक्काम करावा लागतो तिथे मालकाने विश्रांतीची खोली द्यायची. वाचताना वाटतं, आणखी काय हवं?

पळवाट दारातच ठेवली होती. हा कायदा ५ किंवा त्याहून जास्त परिवहन कामगार असलेल्या मालकाला लागू. आपल्या देशात ट्रकधंदा बहुतांशी एक-दोन गाड्यांच्या मालकांकडे विखुरलेला आहे. मोठी कंपनी माल ठेकेदाराला देते, ठेकेदार छोट्या गाडीमालकाला देतो, आणि ड्रायव्हर उभा राहतो सगळ्यांच्या खाली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ ने परिवहन वाहन चालवणाऱ्या कुणालाही १९६१ च्याच तासांची मर्यादा दिली, पण ओव्हरटाइम आणि खोली उंबरठ्याच्या आतच राहिली. आणि तास तपासणार कोण? नाक्यावर वजन तपासतात, कागद तपासतात. ड्रायव्हर किती तास झोपला हे कुणी विचारत नाही.

आता २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९६१ चा कायदा तिच्यात विलीन झाला. या संहितेत परिवहन व्यवसायासाठी उंबरठा किती? १० कामगार. पाचाचे दहा झाले. पळवाट बुजवायची सोडून ती रुंद केली गेली.

हिशोब स्वतःच करून बघा. भिवंडीजवळच्या आमण्यापासून नागपूरपर्यंत समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर. मालवाहू गाडीला वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर. कुठेही न थांबता, पूर्ण वेगाने गेलं तरी पावणेनऊ तास. म्हणजे एकटा ड्रायव्हर एका रात्रीत हे अंतर कापतो तेव्हा आठ तासांची मर्यादा निव्वळ स्टिअरिंगवरच ओलांडली जाते. गोदामाबाहेर माल भरायची वाट बघण्यात गेलेला वेळ, ताडपत्री, चहा, टायर हे सगळं वेगळं. आणि रात्री दोन ते पहाटे पाच या वेळेत माणसाचं शरीर झोपच मागतं. ‘सकाळी आठला पोच, नाहीतर भाडं कापू’ असं सांगणारा माणूस प्रत्यक्षात कायदा मोडायला सांगतो आहे. त्याची किंमत मात्र ड्रायव्हरच्या जिवाने मोजली जाते.

‘कुणी जबरदस्ती केली आहे का?’

काही जण म्हणतील, वतन जातीने लादलेलं होतं, ट्रकवर तर माणूस मर्जीने जातो. बरोबर आहे, हा फरक मोठा आहे आणि तो आपल्या लढ्याने मिळवलेला आहे. पण मर्जीने सही केली म्हणून आठ तासांचे चौदा तास न्याय्य ठरत नाहीत. उपाशी माणसाच्या मर्जीवर बाजार सोडून देऊ नये, यासाठीच तर कामगार कायदा असतो.

दुसरे म्हणतील, ड्रायव्हर विखुरलेले, त्यांची संघटना होणार कशी? जानेवारी २०२४ आठवा. अपघातानंतर पळून जाणाऱ्या चालकाला १० वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद भारतीय न्याय संहितेत आली आणि ट्रकवाल्यांनी चाकं थांबवली. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. दोन दिवसांत सरकार चर्चेला बसलं आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ती तरतूद बाजूला ठेवली गेली. ताकद आहे. ती शिक्षेविरुद्ध वापरली गेली, तासांसाठी अजून वापरली गेलेली नाही.

मग करायचं काय?

पहिलं, हेवी लायसन्स जरूर काढा, पण नजर फक्त खासगी ट्रकवर ठेवू नका. त्याच लायसन्सवर, बॅजसह, एसटी, महापालिका, अग्निशमन दल इथल्या चालकपदांसाठी उभं राहता येतं. तिथे आरक्षण आहे, तासांची नोंद आहे. बसेस चालकासकट ठेकेदाराच्या होतात तेव्हा ही आरक्षित पदंच गायब होतात. म्हणून बेस्ट किंवा एसटीतल्या ठेकेदारीविरुद्धची लढाई ही आपलीच लढाई आहे.

दुसरं, ट्रकवर गेलात तर नियुक्तीपत्र मागा आणि वही ठेवा. माल भरायला किती वाजता उभे राहिलात, गाडी कधी सुटली, कधी थांबली, किती झोपलात. टोलच्या नोंदी आणि बिल्टीची प्रत जपा. लांब फेरीला दुसरा ड्रायव्हर मागा. एकट्याने मागितलं तर मालक गाडीवरून उतरवेल, म्हणून दहा जणांनी मिळून मागा.

तिसरं, संघटनांनी दोन मागण्या लावून धराव्यात. चालकाच्या तासांची मर्यादा कामगारांची संख्या न बघता लागू व्हावी आणि तिची तपासणी व्हावी. तसंच तास मोडल्याची जबाबदारी एका गाडीच्या मालकावर ढकलून न देता, ज्या कंपनीचा माल आहे आणि जिने वेळ ठरवून दिली आहे तिच्यावरही यावी.

दिवसा पार्सल वाटणारा आणि रात्री ट्रक हाकणारा हे दोघं एकाच साखळीच्या दोन कड्या आहेत. रात्री ज्याने माल आणला, तोच माल सकाळी दुसरा दारोदार देतो. या दोघांची युनियन वेगळी असण्याचं कारण नाही. येसकराची रात्र कुणी मोजली नाही, कारण मोजायला सांगणारा कायदा नव्हता. आपल्या हातात कायदा आहे, अर्धामुर्धा का असेना. तो पूर्ण करून घेणं हे आपलं काम आहे.

जय भीम! जय संविधान!