धारेच्या दगडातील अर्धवाहक

सुरी-कात्रीला धार लावणाऱ्याच्या चाकात किंवा काळसर पॉलिशपेपरवर चमकणारे बारीक कण आपण पाहिलेले असतात. ते बहुधा सिलिकॉन कार्बाइडचे असतात. हाच पदार्थ आज विजेवर चालणाऱ्या मोटारींत आणि जपानच्या बुलेट ट्रेनमध्ये प्रवाहाचे नियंत्रण करतो. धारेच्या दगडापासून इथवर यायला त्याला शंभराहून अधिक वर्षे का लागली, ते आपण पाहू.

1891 साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात एडवर्ड अ‍ॅचेसन कृत्रिम हिरे बनवण्याच्या खटपटीत होते. लोखंडी भांड्यात चिकणमाती व कोकची पूड घेऊन त्यांनी ती विजेच्या प्रवाहाने तापवली. हिरे मिळाले नाहीत, पण काही चमकदार, अतिशय कठीण स्फटिक मिळाले. हे कार्बन आणि कुरुंद यांचे संयुग असावे असे समजून त्यांनी त्याला 'कार्बोरंडम' म्हटले. समजूत चुकीची होती, नाव मात्र टिकले.

1906 मध्ये हेन्री डनवुडी यांनी कार्बोरंडमचा स्फटिक रेडिओलहरी ओळखण्यासाठी वापरला. पुढच्याच वर्षी हेन्री राउंड यांना त्यातून वीज जाताना पिवळसर प्रकाश दिसला. म्हणजे याचे विद्युत गुण ट्रान्झिस्टरच्या चाळीस वर्षे आधी ठाऊक होते!

तरीही बाजी मारली सिलिकॉनने. सिलिकॉन 1414 अंश सेल्सिअसला वितळते, आणि त्या रसातून मोठा स्फटिक ओढून काढता येतो. सिलिकॉन कार्बाइड नेहमीच्या दाबाखाली वितळतच नाही. दोन हजार अंशांच्या पुढे त्याचे कापरासारखे संप्लवन होते. तेव्हा त्याचा स्फटिक वाफेतूनच वाढवावा लागतो. फिलिप्स कंपनीतील लेली यांनी 1955 मध्ये असे शुद्ध, पण छोटे स्फटिक मिळवले. 1978 मध्ये लेनिनग्राडच्या ताइरोव्ह व त्स्वेत्कोव्ह यांनी बीजस्फटिकावर मोठा स्फटिक वाढवण्याची रीत दाखवली. मात्र या स्फटिकांत आरपार जाणाऱ्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्या राहत. एखादी नळी डायोडच्या जागी आली, की तो उच्च विद्युतदाबाला टिकत नसे. अशा नळ्या कमी करण्यातच पुढची बरीच वर्षे गेली.

एवढी खटपट कशासाठी? सिलिकॉनपेक्षा सुमारे दहापट तीव्र विद्युतक्षेत्र हा पदार्थ सहन करतो. म्हणून तोच विद्युतदाब पेलण्यासाठी सुमारे एकदशांश जाडीचा थर पुरतो. पातळ थराचा रोध कमी, म्हणून वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाण्याचे प्रमाणही कमी. शिवाय हा पदार्थ उष्णता सिलिकॉनच्या जवळजवळ तिप्पट चांगली वाहून नेतो. कोणत्या अर्धवाहकाकडून किती लाभ होईल याचे गणित जयंत बालिगा या भारतात जन्मलेल्या अभियंत्याने 1982 मध्ये मांडले. 1992 मध्ये त्यांच्या उत्तर कॅरोलायनातील गटाने या पदार्थाचा 400 व्होल्टचा डायोड करून दाखवला. 2001 मध्ये असे डायोड बाजारात आले, 2011 मध्ये 1200 व्होल्टचा मॉसफेट आला आणि 2020 पासून जपानची एन-700-एस ही गाडी या पदार्थाच्या साधनांवर धावू लागली.

वर्गात कापराचे संप्लवन दाखवताना पॉलिशपेपरचा एक तुकडाही जवळ ठेवावा, असे आम्हाला वाटते. पदार्थाचा गुण ठाऊक असणे आणि तो हाती येणे यांत केवढे अंतर असते, ते मुलांना त्यावरून सांगता येईल.