ब्रिटिश क्लासिक मोटारी : रस्त्यावरील अस्तित्व

ब्रिटनमध्ये बनलेल्या, उत्पादन केव्हाच थांबलेल्या आणि तरीही नोंदणी कायम राखून रस्त्यावर धावणाऱ्या जुन्या मोटारी. तिथल्या नियमांनुसार ४० वर्षे उलटलेल्या मोटारीची नोंद ‘ऐतिहासिक वाहन’ म्हणून करता येते. अशा मोटारीला वाहनकर माफ असतो. मूळ रचनेत मोठे फेरफार केलेले नसतील, तर २०१८ पासून तिला ‘एमओटी’ या वार्षिक तपासणीतूनही सूट आहे.

महागडी गाडीच दुर्मीळ होते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात नामशेष होते ती बहुधा मध्यमवर्गाची गाडी. ‘एमजीबी’ ही दोन आसनी मोटार (१९६२–८०) पाच लाखांवर बनली आणि जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत ती आजही हमखास दिसते. ‘ऑस्टिन अलेग्रो’ (१९७३–८२) सहा लाखांवर बनली, पण आज रस्त्यावर दिसलीच तर लोक वळून पाहतात. ब्रिटिश लेलँड या कंपनीची ही गाडी गंजासाठी, सदोष बांधणीसाठी आणि सुरुवातीच्या चौकोनी वळणाच्या स्टिअरिंगसाठी चेष्टेचा विषय झाली होती. अशा गाडीची पुनर्विक्रीची किंमत नगण्य. हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेल्या मिठाने दाराखालचा पत्रा खाल्ला, की तपासणीत नापास झालेली गाडी वेल्डिंगच्या खर्चापायी थेट भंगारात जाई. २००९ मध्ये दहा वर्षांपुढची गाडी मोडीत काढून नवी घेणाऱ्यास २,००० पौंडांची सवलत मिळू लागली. तीत आणखी बऱ्याच गाड्या गेल्या.

एमजीबी टिकली ती निव्वळ लाडामुळे नव्हे. १९८८ पासून ‘ब्रिटिश मोटर हेरिटेज’ने मूळ साच्यांवर तिचे अख्खे सांगाडे पुन्हा बनवायला घेतले. कुजलेल्या गाडीचे इंजिन, चाके, आसने उतरवून नव्या कोऱ्या सांगाड्यावर चढवता येऊ लागली. अशी गाडी मूळची म्हणावी का, यावर शौकिनांचे वाद न संपणारे आहेत. अलेग्रोच्या मालकाला मात्र तिच्या वायू-द्रव सस्पेन्शनचे (धक्के शोषणाऱ्या यंत्रणेचे) गोळेसुद्धा जुन्याच गाड्यांतून काढून घ्यावे लागतात.

इंधनाचाही प्रश्न आहे. २००० पासून शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री बंद झाली. त्यामुळे अनेक जुन्या इंजिनांत कडक व्हॉल्व्ह-सीट बसवाव्या लागल्या. २०२१ मध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले पेट्रोल सर्रास मिळू लागले. त्याने जुन्या रबरी नळ्या खराब होतात, म्हणून जाणकार मालक नळ्या बदलतात किंवा कमी इथेनॉलचे महाग पेट्रोल भरतात.

जुन्या मोटारींचे कौतुक ब्रिटनमध्ये नवे नाही. १९०५ पूर्वीच्या मोटारी दर नोव्हेंबरात लंडन ते ब्रायटन धावतात, त्या १८९६ च्या पहिल्या दौडीच्या स्मरणार्थ. सामान्य गाड्यांचे कौतुक मात्र अलीकडचे. त्यांच्यासाठी ‘फेस्टिव्हल ऑफ द अनएक्सेप्शनल’ हा मेळावा २०१४ मध्ये सुरू झाला. भारतीयांच्या ओळखीची ॲम्बॅसिडरही मुळात अशीच सामान्य ब्रिटिश गाडी, ‘मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज ३’. ब्रिटनमध्ये तिचे उत्पादन १९५९ मध्ये थांबले. बंगालमधील उत्तरपाडा येथे ॲम्बॅसिडर २०१४ पर्यंत बनत होती.